पॅरामेडिक व्हायचे आहे? फी भरण्याआधी हे तपासा

बारावीचा निकाल लागला की वस्त्यांमध्ये ‘पॅरामेडिकल कोर्स, नोकरीची हमी’ अशी पत्रके फिरू लागतात. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रासाठी कर्ज काढणारी कुटुंबे आम्ही काम करताना पाहतो. म्हणून ही माहिती.

पॅरामेडिकल आणि पॅरामेडिक
‘पॅरामेडिकल’ हा मोठा गट आहे. त्यात लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर असे अनेक तंत्रज्ञ येतात. पॅरामेडिक हा त्यातलाच एक. अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, अडलेले बाळंतपण अशा वेळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत रुग्णाचा जीव सांभाळणे हे त्याचे काम. प्रवेश घेताना आपण नेमका कोणता कोर्स घेत आहोत, हे आधी विचारा.

शिक्षण
पदवीसाठी बारावी विज्ञान (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) लागते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम 3 वर्षांचा असून त्यानंतर 1 वर्ष इंटर्नशिप असते. ईएमटीचे काही महिन्यांचे कोर्सही आहेत. ते प्राथमिक पातळीचे असतात. त्यांना पदवीचा दर्जा नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकचा समावेश मान्य आरोग्य व्यवसायांच्या यादीत केला आहे. या कायद्यानुसार संलग्न आरोग्य क्षेत्रातील पदविका किंवा पदवी किमान 2000 तासांची आणि किमान 2 वर्षांची असावी लागते. सहा महिन्यांत ‘डिप्लोमा’ देणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

प्रशिक्षण
हे काम वहीत शिकता येत नाही. सीपीआर देताना प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबावी लागते. हा हात सरावानेच बसतो. श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबवणे, मान-मणक्याला धक्का न लावता रुग्ण उचलणे हेही तसेच. ज्या संस्थेकडे कॅज्युअल्टी आणि रुग्णवाहिकेवरील ड्युटीची सोय नाही, तिथे फक्त कागद मिळतो.

नोकरीचे वास्तव
महाराष्ट्रात 2014 पासून सुरू असलेल्या 108 सेवेत रुग्णवाहिकेवर डॉक्टर असतो, तर गुजरात, कर्नाटकात हे काम प्रामुख्याने ईएमटी करतात. त्यामुळे आपल्याकडे संधी जास्त करून कॅज्युअल्टी, खासगी रुग्णवाहिका आणि कारखान्यांत आहेत. हमीच्या जाहिराती या वास्तवावर बोलत नाहीत.

शिष्यवृत्ती
अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक 2.5 लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. म्हणून संस्थेला सरळ विचारा: “तुमचा हा कोर्स महाडीबीटीवर दिसतो का?” उत्तर टाळले, तर फी भरू नका. वस्तीतल्या बारावीच्या प्रत्येक मुलामुलीपर्यंत एवढा एक प्रश्न पोहोचवला, तरी बरीच कर्जे टळतील.