न दिसणारी चीर

कोलकात्याच्या दक्षिणेस बेहाला ही जुनी वस्ती आहे. तेथून नगराच्या मध्यभागाकडे नेणाऱ्या डायमंड हार्बर मार्गावर रूळ ओलांडण्यासाठी माझेरहाटचा पूल सुमारे अर्धशतक उभा होता. ४ सप्टेंबर २०१८ रोजी, वाहनांची ये-जा चालू असतानाच, त्याचा एक भाग कोसळला आणि तिघांना प्राणांस मुकावे लागले. लगेच प्रश्न निघाला : दोष कोणाचा? जवळच चाललेल्या मेट्रोच्या कामाचे हादरे, डांबराच्या थरांवर थर चढून वाढलेला भार, देखभालीतील हयगय, अशी अनेक कारणे पुढे आली. पण पूल पडण्यापूर्वी त्याच्या पोटात काय चालले होते?

या प्रश्नाला इतिहास आहे. अमेरिकेतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९२८ साली खुला झाला आणि १५ डिसेंबर १९६७ रोजी नदीत कोसळून ४६ माणसे दगावली. एका पोलादी दुव्याच्या छिद्राच्या आतल्या कडेस जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर पडली होती. सांधा सुटा केल्यावाचून ती कोणत्याही ज्ञात उपायाने दिसणे शक्य नव्हते, असे चौकशीत ठरले. गोव्यात मांडवीवरचा नेहरू पूल तर उभारल्यानंतर सुमारे दीड दशकातच, ५ जुलै १९८६ रोजी पडला. काँक्रीटमध्ये ताणून बसविलेल्या पोलादी तारांना गंज चढला होता. अशा तारांभोवतीच्या नळीत पोकळी राहिली, की ओलावा तेथे शिरतो. आणि बाहेरून पाहणाऱ्यास काँक्रीट धडधाकट दिसत असतानाही आत तार झिजत राहते.

मग देखभाल करणाऱ्याने करावयाचे तरी काय? न दिसणाऱ्या दोषाबद्दल त्यास जाब विचारणे अन्यायाचे होय. परंतु ‘दोष दिसला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. सिल्व्हर ब्रिजनंतर अमेरिकेने पुलांच्या नियमित तपासणीचे नियम १९७१ साली देशभर लागू केले. ती चीर त्या नियमांनीही दिसली असती असे नाही. मात्र पुलाचा भार, वय, दुरुस्ती यांची नोंद एका जागी राहू लागली. जे दिसत नाही त्याचा अदमास अशा नोंदींवरूनच बांधावा लागतो. आणि एक दुवा तुटला तरी सारा पूल कोसळू नये, अशी रचनाही करावी लागते.

माझेरहाट येथे ३ डिसेंबर २०२० रोजी ‘जय हिंद सेतू’ खुला झाला. बेहालाकरांचा दोन वर्षांचा वळसा संपला. नव्या पुलाची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नसते. पन्नास वर्षांनी, डांबराचा आणखी एक थर घालण्यापूर्वी, आधीचे थर किती याची नोंद कोणी उघडून पाहील की नाही, यावर ती अवलंबून आहे.