‘नञ्’चे इंग्रजी भाऊबंद

इंग्रजीतील ‘अनहॅपी’च्या आरंभीचे ‘अन’ आणि मराठीने संस्कृतातून घेतलेल्या ‘अनादर’, ‘अनुचित’ या शब्दांतील ‘अन्’ यांचे साम्य हा योगायोग नव्हे. इंडो-युरोपीय कुलाच्या मूळ भाषेत नकार दाखवणारा एक अनुनासिक ध्वनी शब्दाच्या आधी लागत असे. त्याचेच जर्मानिक शाखेत ‘अन’, लॅटिनमध्ये ‘इन’, तर ग्रीक आणि संस्कृत या दोन्हींत व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ झाले. इंग्रजीचे वेगळेपण असे की यांपैकी तीन भावंडे तिच्या एकाच घरात नांदतात: ‘अन’ हे जन्मजात, ‘इन’ हे मुख्यतः १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच व लॅटिनच्या वाटेने आलेले आणि ‘अ’ हे ग्रीक शब्दांबरोबर शिरलेले. ‘डिस’ आणि ‘नॉन’ हे लॅटिन कुळातले पाहुणे त्यांच्या जोडीला आहेतच.

इतके वारस एकत्र आल्यावर वाटणीचे तंटे होणारच. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये आजच्या ‘इम्पॉसिबल’च्या जागी काही ठिकाणी ‘अनपॉसिबल’ छापलेले आढळते. थॉमस जेफर्सनने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात हक्कांना ‘इनएलियनेबल’, म्हणजे काढून घेता न येणारे, असे विशेषण लावले होते. १७७६ च्या अंतिम प्रतीत मात्र ते ‘अनएलियनेबल’ झाले. तंटा मिटला तोही अर्धामुर्धाच, कारण विशेषण ‘अनजस्ट’ आणि नाम ‘इनजस्टिस’, विशेषण ‘अनइक्वल’ आणि नाम ‘इनइक्वॅलिटी’ अशी विजोड जोडपी आजही प्रमाण मानली जातात. त्यात भर म्हणजे ‘अनलॉक’, ‘अनटाय’ यांतील ‘अन’ हा मुळात निराळाच उपसर्ग असून तो नकार न दाखवता केलेली क्रिया उलटवणे दाखवतो. म्हणूनच ‘अनलॉकेबल’ या शब्दाचा अर्थ ‘कुलूप उघडता येईल असा’ की ‘कुलूपच लावता येणार नाही असा’, हे संदर्भावाचून ठरत नाही.

उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो, हा नियमही वाटतो तितका जुना नाही. इंग्रजीच्या शुद्ध वापराचे कैवारी ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःस्वार्थ, तटस्थ आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला, हा भेद मोठ्या कडकपणे शिकवतात आणि ही सीमा ओलांडणाऱ्याला अडाणी ठरवतात. सतराव्या शतकात मात्र स्थिती जवळजवळ उलटी होती: ‘अनइंटरेस्टेड’ हा शब्द निःपक्षपाती या अर्थाने योजला जात असे, तर ‘डिसइंटरेस्टेड’चा सर्वांत जुना नोंदलेला अर्थ उदासीन असा होता. अठराव्या शतकात दोघांनी जागा बदलल्या. तेव्हा ज्याला आज चूक म्हणतात, तो पुष्कळदा जुन्या अर्थाचाच पुनर्जन्म असतो.

महाराष्ट्रातील रस्त्यांवर धावणाऱ्या पेट्रोलच्या टँकरांच्या पाठीवर ‘ज्वलनशील’ या शब्दाबरोबर ‘इन्फ्लेमेबल’ ही अक्षरे आजही दिसतात. या शब्दातील ‘इन’ नकाराचा नाही. तो ‘आत’ या अर्थाचा दुसरा लॅटिन उपसर्ग असून पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला आहे, आणि शरीराच्या दाहाला इंग्रजीत ‘इन्फ्लेमेशन’ म्हणतात तेही याच मुळावरून. परंतु ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे, तर ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा सरळ हिशेब पिंपाजवळ बिडी ओढणाऱ्या कामगाराने केला तर त्याला दोष कसा द्यावा? १९२० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने आणि १९५९ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने याच भीतीने ‘फ्लेमेबल’ या आखूड रूपाचा पुरस्कार केला. हे रूप १८१३ पासून नोंदलेले होते, पण त्याला भाव आला तो आगीच्या धाकाने.

समासात ‘अ’ किंवा ‘अन्’ होणाऱ्या नकारवाचक अव्ययाला संस्कृत वैयाकरण ‘नञ्’ म्हणत आणि त्याचे सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तता व विरोध असे सहा अर्थ सांगत. ही मोजपट्टी इंग्रजीलाही नेमकी लागू पडते. ‘इम्मॉरल’ म्हणजे अनीतिमान, येथे विरोध आहे. केवळ अभाव दाखवणारा, नीतीशी संबंधच नसलेला, अशा अर्थाचा शब्द हवा म्हणून ‘अमॉरल’ घडवला गेला, आणि १८८२ मध्ये तो रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने वापरला. ‘इनव्हॅल्युएबल’ ऐकून गोंधळणाऱ्याला ‘अमूल्य’ आठवले की पुरते. ‘असुर’ शब्दातील ‘अ’ नकाराचा समजून संस्कृताने मागाहून ‘सुर’ शब्द निर्माण केला. इंग्रजीनेही त्याच धर्तीवर, रुष्ट अशा अर्थाच्या ‘डिसग्रंटल्ड’मधला ‘डिस’ नकाराचा नसताना तो कापून ‘ग्रंटल्ड’ म्हणजे संतुष्ट असा विनोदी शब्द काढला, आणि पी. जी. वुडहाउसने १९३८ च्या एका कादंबरीत तो वापरला.

या उपसर्गांपैकी एकाचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट संबंध आला. लंडनच्या ‘टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल यांनी १९१० मध्ये ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात, तेव्हा मंडालेच्या तुरुंगात असलेल्या लोकमान्य टिळकांवर या ‘अनरेस्ट’चे जनकत्व लादले. ‘रेस्ट’ म्हणजे स्वस्थता, म्हणून ‘अनरेस्ट’ म्हणजे अस्वस्थता, किंबहुना दंगाधोपा. चिरोल यांच्या लेखी हा शब्द आरोप होता. मराठीने त्याचे भाषांतर अस्वस्थता किंवा अशांतता असे न करता ‘असंतोष’ असे केले, आणि मुळातली कायदा-सुव्यवस्थेची तक्रार जाऊन तेथे अन्यायाविषयीची रास्त नाराजी आली. त्या पुस्तकातील मजकुराबद्दल टिळकांनी चिरोल यांच्यावर लंडनमध्ये भरलेला अब्रुनुकसानीचा दावा १९१९ मध्ये फेटाळला गेला. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे शब्द मात्र मराठी पाठ्यपुस्तकांत गौरवाची पदवी म्हणून छापले जाऊ लागले.