वुमनिश आणि वुमनली

आमच्या इंग्रजीच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. रात्रभर डिक्शनरी उपसून मी 'वुमनिश काइंडनेस' अशी शब्दरचना पैदा केली आणि भर सभेत ठोकून दिली. बाई हसल्या. नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "वुमनली म्हण रे बाळा. वुमनिश म्हणजे आपलं 'बायकी'." कान असे तापले म्हणता!

परवा माळा आवरताना तीच डिक्शनरी हाती आली आणि पुन्हा तिथंच अडकलो. हे दोन्ही शब्द चौदाव्या शतकात चॉसरकडे सापडतात. 'वुमन' दोन्हीकडे तीच, भानगड आहे ती शेपटीची. 'ली'चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'देह, रूप' अशा अर्थाच्या शब्दात. 'इश' म्हणजे नुसतं 'तिथला, त्यांतला'. इंग्लिश, डॅनिश, तसं. जुन्या इंग्रजीत 'चाइल्डिश' म्हणजेसुद्धा फक्त 'लहान मुलाचं' होतं, टोमणा नव्हता. पुढे मात्र या शेपटीला नाक मुरडल्याचा वास यायला लागला. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रडणाऱ्या रोमिओची आसवं वुमनिश आहेत असं पाद्री लॉरेन्स त्याला सुनावतो. म्हणजे बघा, अपमान पुरुषाचा आणि खर्च बाईच्या खात्यावर! आपल्याकडचं 'स्त्रीसुलभ' आणि 'बायकी' तरी काय वेगळं आहे म्हणा.

बरं, वुमनली तरी कुणाला म्हणायचं? बहुधा सोसणारीला, हळू बोलणारीला. ते कौतुकही अटी घालूनच येतं.

आणि मग अॅलिस वॉकर भेटल्या. 1983 च्या 'इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स' या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी 'वुमनिस्ट' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तो शब्द त्यांनी काढला चक्क 'वुमनिश'मधून! अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आया धीट, हट्टी, नको तेवढं जाणून घेणाऱ्या पोरीला म्हणत, की तू वुमनिश वागतेस. गर्लिशच्या बरोब्बर उलट. ओरडा खराच, पण मला त्यात आईचा थोडा अभिमानही ऐकू येतो.

आमच्या बाई साठीपर्यंत सायकलवरून यायच्या. मुलींना संध्याकाळी वाचनालयात बसू द्यावं म्हणून त्या वरिष्ठांशी वर्षभर भांडल्या होत्या. ते भाषण आज करायचं तर मी 'वुमनिश'च ठेवीन.

वॉकरबाईंचं पुस्तक माझ्या हाती पडलं, तोवर बाई गेल्या होत्या.