स्वगृही वार्धक्य : आदिलाबाद जिल्हा

उतारवयात राहते घर व गाव न सोडता मुलाबाळांच्या, भाऊबंदांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सान्निध्यात राहणे, ही शहरवासी वृद्धांना विचारपूर्वक पत्करावी लागणारी गोष्ट असली, तरी पैनगंगेच्या दक्षिणेकडील या जिल्ह्यात ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होय. म्हणूनच येथील वृद्धांच्या स्वास्थ्याचा विचार करताना, त्यांच्या डोक्यावर छप्पर आहे की नाही यापेक्षा, त्या छपराखाली त्यांना कोणी काही विचारते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

गोंड समाजात हे विचारणे विधीतच गोवलेले आहे. केस्लापूरला पौष अमावास्येस भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेत मेसराम कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, वडाखाली मुक्काम करतात, आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांना ‘भेटिंग’ विधीत देवापुढे व ज्येष्ठांपुढे रुजू केले जाते. दिवाळीच्या सुमारास दंडारी हे नाचपथक निघते, तेव्हा मोरपिसांच्या टोपाची व गुस्साडी नाचाची रीत ज्याला ठाऊक, अशा म्हाताऱ्याकडे तरुणांना जावेच लागते. पूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या व 2016 च्या विभाजनानंतर आसिफाबादकडे गेलेल्या मार्लवाईचे कनकराजू यांना गुस्साडी नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तीही वार्धक्यातच.

मान असला तरी हाती पैसा लागतोच. तेलंगण शासनाने 2014 मध्ये आरंभिलेली आसरा पेन्शन वृद्धांना दरमहा 1,000 रुपये देत असे. 2019 पासून ती 2,016 रुपये झाली, आणि वयोमर्यादाही पुढे 65 वरून 57 वर आली. रक्कम बेताची खरी, परंतु औषधगोळीसाठी व नातवाच्या हातावर खाऊला काही ठेवण्यासाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही, ही तिची खरी किंमत. मात्र एका कुटुंबात एकच वृद्धपेन्शन या नियमामुळे नवराबायकोंपैकी एकाचाच हात मोकळा होतो, आणि हा अन्याय आहे, असे आमचे मत आहे. शिवाय पेन्शन घेताना जन्मभर कापूस वेचून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटेलच, याची शाश्वती नसते.

बेला, जैनथ या सीमेलगतच्या मंडलांतील मराठीभाषक वृद्धांपुढे कचेरीतील तेलुगू कागदाची अडचण आणखी उभी राहते. आईवडिलांच्या चरितार्थासाठी 2007 चा केंद्रीय कायदा आहे; पण पोटच्या मुलावर दावा लावणे म्हणजे स्वतःच्याच घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, असे मानणारा येथील म्हातारा, पोटाला चिमटा बसला तरी कचेरीऐवजी गावच्या पंचांकडेच जाणे पसंत करतो.