पगाराचा पत्ता

अटलांटाच्या उत्तरेला जॉर्जिया 400 महामार्गावर अल्फारेटा आहे. 1858 साली त्याची शहर म्हणून नोंद झाली. महामंदीत मिल्टन परगणा फुल्टनमध्ये विलीन झाला आणि त्या परगण्याचे मुख्य ठाणे हा या गावाचा मान गेला. आज ते संगणक कंपन्यांचे आणि भारतीय कुटुंबांनी गजबजलेले शहर आहे. इथल्या मुलीला व्हॉलीबॉलवर पोट भरता येईल का? अगदी परवापरवापर्यंत उत्तर होते: येईल, पण इटलीत, तुर्कस्तानात किंवा जपानमध्ये. अमेरिकेने खेळाडू घडवल्या कायद्याने. त्यांना टिकाऊ रोजगार मात्र पन्नास वर्षे दिला नाही. 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली. मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही. पण विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांना प्रत्येकी 85 शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या पारड्याला मुलींच्या बाजूने वजन हवे होते. मुलींच्या व्हॉलीबॉल संघामागे 12 शिष्यवृत्त्या आल्या. 1895 मध्ये होलयोकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गनने मध्यमवयीन व्यावसायिक पुरुषांसाठी काढलेला खेळ असा अमेरिकेत प्रामुख्याने मुलींचा झाला.

पदवी मिळाली की मात्र हा रस्ता संपे. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारी फ्लो हायमन पगारासाठी जपानला गेली आणि 24 जानेवारी 1986 रोजी मात्सुए इथे सामना चालू असतानाच कोसळून मरण पावली. तेव्हा ती 31 वर्षांची होती. 1987 मध्ये देशात महिलांची व्यावसायिक लीग निघाली, ती 1989 मध्ये बंद पडली. प्रेक्षकच नसतील तर पगार कोण देणार, असा आक्षेप यावर घेतला जातो. पण 30 ऑगस्ट 2023 ला नेब्रास्का विद्यापीठाच्या मैदानावर महिला व्हॉलीबॉल पाहायला 92,003 माणसे आली. ती आपल्या विद्यापीठासाठी आली होती, खेळासाठी नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणणे निम्मे खरे आहे, आणि नेमके तेच माझ्या मुद्द्याला बळ देते: प्रेक्षक आपलेपणातून येतो, आणि आपलेपणा शाळा-क्लबांत रुजतो. 24 जानेवारी 2024 ला, हायमनच्या मृत्यूनंतर बरोबर 38 वर्षांनी, ओमाहात नव्या लीगचा पहिला सामना झाला. त्यात अटलांटा व्हाइब जिंकली. या संघाचे मैदान अल्फारेटाच्या शेजारच्या परगण्यात, डुलुथला. 2025 च्या जानेवारीत सुरू झालेल्या 'लीग वन'ने तर मुलींचे क्लब आधी जोडले, व्यावसायिक संघ नंतर उभे केले. त्यांतला एक अटलांटाचा.

या रचनेत खोट आहे, हे नाकारता येत नाही. क्लबची फी, प्रवास, स्पर्धा हा खर्च अल्फारेटासारख्या सुखवस्तू उपनगराला झेपतो, अटलांटाच्या गरीब वस्तीला नाही. म्हणजे कायद्याने उघडलेले दार पैशाने पुन्हा अर्धे लोटले जाते. तरीही तळातून वर बांधलेली लीग वरून लादलेल्या लीगपेक्षा टिकण्याची शक्यता जास्त, असे मला वाटते. याउलट आपल्याकडे भारतात मुलीच्या व्हॉलीबॉलचा पगार आजवर आला तो मुख्यतः रेल्वेसारख्या खात्यातल्या नोकरीतून. 2022 मध्ये सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग पुरुषांची आहे.