तळं, तलाव आणि सरोवर : नेमका फरक काय? गावच्या पाण्याची नोंद का तपासावी, जाणून घ्या

उन्हाळा लागला की गावोगावी एकच चर्चा असते, तळ्यात किती पाणी उरलं? त्याच पाण्याला कुणी तळं म्हणतं, कुणी तलाव, आणि सरकारी कागदावर तिसरंच नाव निघतं. बोलण्यात हे खपून जातं. पण दुरुस्ती, गाळ किंवा अतिक्रमणाचा प्रश्न आला की नाव चुकलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

शास्त्र काय सांगतं?

तळं आणि सरोवर यांना वेगळं करणारी, जगभर मान्य असलेली एकच व्याख्या नाही. पाणथळ जागांसाठीच्या रामसर कराराच्या वर्गवारीत ८ हेक्टर, म्हणजे साधारण २० एकर, ही सीमा धरली आहे. त्याहून मोठं ते सरोवर, लहान ते तळं.

दुसरी खूण खोलीची. तळं उथळ असतं, ऊन तळापर्यंत पोहोचतं, त्यामुळे कमळ, शिंगाड्यासारख्या मुळं धरणाऱ्या वनस्पती मधोमधही वाढू शकतात. खोल सरोवरात तळाशी अंधार असतो आणि उन्हाळ्यात वर कोमट, खाली गार असे पाण्याचे थर पडतात. लहान तळ्यातला प्राणवायू लवकर संपतो. ढगाळ हवेत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात, ते यामुळेच.

नावावर जाऊ नका

महाराष्ट्रात नैसर्गिक सरोवरं मोजकीच. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार हे त्यातलं ठळक. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं हे खाऱ्या पाण्याचं सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत आलं. याउलट पैठणचा नाथसागर आणि कोयनेचा शिवसागर नावाने 'सागर' असले तरी ते धरणांचे जलाशय आहेत. महाबळेश्वरचा वेण्णा लेकही माणसानेच बांधलेला.

देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये जाहीर झाली. नोंदलेल्या २४ लाखांहून अधिक साठ्यांपैकी ५९.५ टक्के तळी होती, तर सरोवरं एक टक्क्याहूनही कमी.

गावात दिसणारे प्रकार

गावतळं : गुरांचं पाणी, धुणं आणि वापरासाठी. बहुतेक ठिकाणी सार्वजनिक जागेत.

पाझर तलाव : १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून असे अनेक तलाव झाले. याला कालवा नसतो. पाणी जमिनीत मुरावं आणि खालच्या बाजूच्या विहिरींना उतरावं, हाच हेतू. त्यामुळे तलाव लवकर आटला म्हणजे काम फसलं असं नाही. पण त्यात थेट मोटर टाकली की खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरींचं पाणी तुटतं.

साठवण तलाव : पाणी धरून ठेवण्यासाठी. इथे मात्र गळती हा दोष.

मामा तलाव आणि बोडी : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची ही ओळख. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. धानाच्या शेतातलं छोटं खासगी तळं म्हणजे बोडी.

शेततळं : ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजूंना उतार धरून, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. प्लास्टिकचा कागद अंथरला की ते फक्त टाकी बनतं, मुरत काहीच नाही. बोअरचं पाणी उपसून असं तळं भरलं, तर भूजल उन्हात उडून जायला ठेवल्यासारखंच.

दाद कुणाकडे मागायची?

साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. त्यापुढचे मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. शेततळ्याची जबाबदारी शेतकऱ्याची, योजनेचं काम कृषी विभागाचं. गावतळ्यासाठी आधी ग्रामपंचायत.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा काढावा. तळ्याचा गट नंबर, क्षेत्र आणि भोगवटादार कोण, ते पाहावं. तळं कोरडं पडलं की कडेने कुंपण सरकत येतं, आणि मोजणी नसेल तर मूळ हद्द कुठे होती हे सांगणारं कुणी उरत नाही.

पंजाबमधल्या एका गावतळ्यावर घरं बांधल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अतिक्रमण करणाऱ्यांविरुद्ध निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यासाठी योजना आखा, असे आदेशही सर्व राज्यांना दिले. जगपालसिंग खटला म्हणून ओळखला जाणारा हा निकाल ग्रामसभेच्या ठरावात नमूद करता येतो. मात्र त्यासोबत तळ्याची नोंद आणि मोजणीचा नकाशा हाताशी हवा.