थॉमस कोल : दुकानाच्या खिडकीत सापडलेला निसर्गचित्रकार

इ. स. १८२५ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमधील एका दुकानाच्या खिडकीत तीन निसर्गचित्रे विक्रीसाठी मांडली होती. किंमत प्रत्येकी पंचवीस डॉलर. वयोवृद्ध चित्रकार जॉन ट्रम्बुल यांची नजर त्यांवर गेली आणि एक चित्र त्यांनी तात्काळ विकत घेतले. त्यांच्याकडून ही वार्ता कळताच विल्यम डनलॅप आणि अॅशर ड्युरँड या चित्रकारांनी उरलेली दोन घेतली. डनलॅप यांनी आपले चित्र पुढे पन्नास डॉलरला विकले. दुपटीचा हा नफा खरे तर चित्रकाराला द्यायला हवा होता, पण गरजेपोटी दिला नाही, अशी कबुली त्यांनी नंतर स्वतःच्या ग्रंथात दिली आहे.

हा चित्रकार म्हणजे थॉमस कोल. अमेरिकन निसर्गचित्रणाचा आद्य प्रवर्तक मानला गेलेला हा माणूस जन्माने इंग्रज होता. १ फेब्रुवारी १८०१ रोजी लँकेशायरमधील बोल्टन येथे त्याचा जन्म झाला. कापडगिरण्यांचा हा मुलूख. कोल अकरा वर्षांचा असताना, १८१२ मध्ये, जवळच्याच वेस्टहॉटन गावातील वाफेवरील मागांची गिरणी जमावाने पेटवून दिली होती. पोरवयात चिटाच्या कापडावरील नक्षीचे ठसे कोरण्याचे काम त्याने केले. वडिलांचा धंदा बुडाल्यावर १८१८ मध्ये कुटुंब अमेरिकेला गेले. तेथे फिलाडेल्फिया, ओहायो, पिट्सबर्ग अशी भटकंती करीत, बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने तो चित्रकला शिकला. न्यूयॉर्कला आल्यावर हडसन नदीने वर जाऊन त्याने कॅटस्किलचे डोंगर पाहिले आणि त्यातूनच ती तीन चित्रे निघाली.

धुराने काळवंडलेला प्रदेश पाहून आलेल्या या तरुणाला अमेरिकेतील अरण्य हे नष्ट होऊ शकणारे धन वाटले, हेच त्याच्या चित्रांचे मर्म होय. तेथेच वाढलेल्यांना जंगल म्हणजे तोडून शेत करण्याची जागा वाटे. अर्थात कोलची चित्रे म्हणजे स्थळांची विश्वासू नोंद नव्हे. कॅटरस्किल धबधब्यापाशी प्रवाशांसाठी कठडे आणि मनोरा उभारलेले असूनही १८२६ च्या चित्रात त्याने ते गाळले आणि एकटी मूलनिवासी आकृती उभी केली. प्रत्यक्षात ते लोक तेथून केव्हाच हुसकले गेले होते. जे गमावले गेले, तेच त्याने रंगवले.

१८३६ हे त्याच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्ष. 'द कोर्स ऑफ एम्पायर' ही पाच चित्रांची मालिका त्या वर्षी पुरी झाली. एकाच दरीत रानटी अवस्था, गोपजीवन, वैभव, संहार आणि अखेरीस ओसाड अवशेष असा साम्राज्याचा प्रवास तीत आहे. पाचही चित्रांत मागचा डोंगर तोच राहतो. मालिका करवून घेणारे व्यापारी लूमन रीड मात्र ती पूर्ण होण्याआधीच वारले. त्याच वर्षीच्या 'द ऑक्सबो' या चित्रात कनेक्टिकट नदीचे वळण दिसते. डावीकडे वादळाने झोडपलेले रान, उजवीकडे उन्हातील आखीव शेते, आणि मध्ये खडकांत इझेलपाशी बसलेला, शोधल्याशिवाय न दिसणारा चित्रकार स्वतः. हे चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अमेरिकन निसर्गदृश्यांवरील निबंधात वृक्षतोडीविषयीचा विषादही त्याने याच वर्षी जाहीरपणे मांडला.

त्या काळात कॅटस्किल भागात लोहमार्ग येऊ लागला होता. कोलने राहत्या गावाजवळचे एकच दृश्य दोनदा रंगवले, ती दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. १८३७ च्या चित्रात दाट झाडी आहे. १८४३ च्या 'रिव्हर इन द कॅटस्किल्स'मध्ये झाडे गेली आहेत, बुंधे उरले आहेत, कुऱ्हाड घेतलेला एक माणूस दूरवर पाहतो आहे आणि पुलावरून इवलीशी आगगाडी चालली आहे. कोणताही आक्रोश नाही. आकाश तसेच निर्मळ आहे. माझ्या मते हेच त्याचे सर्वांत धारदार चित्र. रूपकांच्या मालिकांपुढे ते उगाच मागे पडले.

११ फेब्रुवारी १८४८ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कोलचे कॅटस्किल येथे निधन झाले. त्याच्यापासून सुरू झालेली परंपरा 'हडसन रिव्हर स्कूल' या नावाने ओळखली जाते; फ्रेडरिक चर्च हा त्याचा शिष्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभिरुची पालटली, तशी ही चित्रे अडगळीत गेली. विसाव्या शतकात त्यांचा पुन्हा शोध लागला. कॅटस्किलमधील त्याचे घर २००१ मध्ये, जन्माच्या द्विशताब्दीला, लोकांसाठी खुले झाले. २०१८ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन येथे भरलेल्या प्रदर्शनाने लँकेशायर आणि कॅटस्किल या त्याच्या दोन्ही जगांना प्रथमच सविस्तरपणे एकत्र आणले.